सोनवाडी कुठेच नाही

मेडनहेड,
११ फेब्रुवारी १९९१

प्रिय यमुना,

तुझं पत्र हातात पडून सोळा दिवस झाले. ते आधी शशिकांतच्या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे गेलं, तिथून त्याच्या कॉलेजात, आणि कॉलेजातून आमच्या दारात. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं कुणाचं ते. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी घटवून घेतलेलं तुझं वळणदार अक्षर चौदा वर्षांत जराही बिघडलेलं नाही. माझं बिघडलंय. इथे मराठी लिहायचं म्हणजे वर्षातून दोनदा, पुण्याला आईला.

आत मात्र तू मला ‘तुम्ही’ लिहिलंयस. वाडीवर तू मला ‘अगं वैनी’ म्हणायचीस. तू सगळ्यांनाच अरे-अगं करायचीस, जंगलखात्याच्या गार्डालासुद्धा. असो. चौदा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

इकडे पाच दिवस बर्फ पडतंय. लंडनच्या गाड्या बंद आहेत, त्यामुळे शशिकांत घरात अडकलाय आणि तासातासाला चहा मागतोय. मी हाउन्सलोच्या इस्पितळात दुभाष्याचं काम करते. आपल्याकडच्या बायका येतात, त्यांचं दुखणं डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरचं त्यांना. तिथेही चार दिवस जाता आलेलं नाही.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितेस की सरकारचा नवा हुकूम निघालाय. ऐंशी सालाच्या आधीपासून जंगलातली जमीन जे कसत आलेत त्यांच्या नावावर ती होणार, पण त्यावेळचा लेखी पुरावा पाहिजे. वाडीवर कुणाकडे कसला कागद असणार? म्हणून तुला वाडीवर राहून आम्ही भरलेल्या वह्या आठवल्या. शहात्तर साली तू काढलेला डोंगरउताराचा नकाशा, कुणाची नाचणी कुठे, कुणाची वरी कुठे, तेवीस घरांची नावं. तो मिळाला तर जमीन राहील, नाहीतर पावसाळ्यानंतर तेवीस घरांना उठावं लागेल.

यमुना, त्या वह्या राहिल्या नाहीत गं. आम्ही पहिली सात वर्षं हाउन्सलोला एका तळघरात काढली. तिथे ओल फार. ट्रंकेतलं सगळं कुजलं, टाकून द्यावं लागलं. शशिकांतचं वाडीवरचं पुस्तक आहे, त्यातल्या नकाशाच्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवतेय. एकच अडचण आहे. पुस्तकात वाडीचं नाव बेहेडवाडी नाही, सोनवाडी आहे. शशिकांतच्या विषयात, आदिवासींच्या अभ्यासात, तशी पद्धतच आहे. गावाचं नाव बदलायचं, माणसांची नावं बदलायची, म्हणजे छापल्यामुळे कुणाला त्रास होत नाही. नकाशावरही नावांच्या जागी एक ते तेवीस आकडे आहेत. तुमच्याच भल्यासाठी केलं होतं ते. तू सुनावणीच्या साहेबांना नीट समजावून सांगितलंस तर त्यांना कळेल.

शशिकांतचं नवं पुस्तक चालू आहे, कॅनडातल्या आदिवासी बायकांवर. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इथली एक कंपनी तिकडून कातडी आणायची. बीव्हर म्हणून एक पाण्यात राहणारा प्राणी असतो, त्याच्या मऊ लोकरीच्या टोप्या साहेब लोक घालायचे. कंपनीचे कारकून म्हणजे स्कॉटलंडची पोरं. त्यांना ना वाट ठाऊक ना भाषा. तिथल्या बायका त्यांच्या पुढे चालायच्या, नदी कुठे गोठलीय आणि कुठे नुसती गोठल्यासारखी दिसतेय ते सांगायच्या, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे विणून द्यायच्या, आणि तीन-तीन भाषांतून सौदे जमवायच्या. कारकून संध्याकाळी रोजनामा लिहायचा. त्यात कुत्र्याचं नाव असतं, बाईचं नसतं. शशिकांतला याचा भारी संताप आहे. मी टाइप करते ना, पानापानावर जाणवतो. पुस्तक चांगलं होणार.

तुझ्यासाठी एक स्वेटर पाठवतेय. वाडीवर थंडीत उपयोगी पडेल.

तुझी,
मंजिरीवहिनी


मेडनहेड,
१९ मार्च १९९१

प्रिय यमुना,

तुझं उत्तर नाही. स्वेटर बसला का ते कळव. मी मापाचा अंदाज जुन्या आठवणीवरून केला.

एक गंमत सांगायची होती. गंमत म्हणजे तशी गंमत नाही. मागच्या बुधवारी लंडनला शशिकांतचं व्याख्यान होतं. मी कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत बसले होते, दर वेळी बसते तशी. तो दुभाष्या बायकांवरचं प्रकरण वाचत होता. त्यात एक प्रसंग आहे. टोळीचा म्हातारा प्रमुख कंपनीच्या कारकुनाला आईमाईवरून शिव्या घालतोय, आणि मध्ये बसलेली बाई कारकुनाला शांतपणे सांगते, ‘ते म्हणतायत, दमला असाल, बसा.’ लोक हसले. फार आवडतो लोकांना तो भाग.

हा प्रसंग कुठल्याही कारकुनाच्या रोजनाम्यात नाही. मी टाइप केलंय, मला माहीत आहे. ‘असंही घडत असेल’ असं म्हणून शशिकांतने तो घातलाय. तुझी आजी शशिकांतला पहिल्या दिवशी काय काय म्हणाली होती आणि तू आम्हाला काय सांगितलंस, ते आठवतंय? दोन वर्षांनी तू मला खरं सांगितलंस तेव्हा आपण ओढ्यावर हसून हसून लोळलो होतो.

व्याख्यान झाल्यावर मागून एक बाई उठली. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची लांब वेणी. डेल्फीन तिचं नाव. ती त्याच लोकांतली, उत्तर कॅनडातली. युरोपात कातड्यांच्या व्यापारावर बंदी घालायचं चाललंय, त्याविरुद्ध बोलायला त्यांची मंडळी आली होती. ती म्हणाली की तिच्या आजीच्या आजीची आजी अशाच एका कारकुनाच्या पुढे अकरा हिवाळे चालली. अकरावा हिवाळा संपल्यावर तो स्कॉटलंडला घरी निघून गेला. रोजनाम्यात ती ‘माझी मुलगी’ म्हणून आहे, म्हणजे ठेवलेली. मग तिने शशिकांतला विचारलं, अगदी साधेपणाने, ‘तुम्हीही आदिवासींमध्ये तीन वर्षं राहिलात म्हणे. तुम्हाला वाट कुणी दाखवली?’

शशिकांत म्हणाला, ‘माझ्या बायकोने. ती इथे समोरच बसलीय.’

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि यमुना, मी मान हलवली. हसून हलवली. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी ती मला शोधत आली. माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने विचारलं, मी त्या वाडीवरच्या आदिवासींतली का. मी म्हणाले, ‘जवळपास.’ सदाशिव पेठेतली मी, आणि जवळपास! पावसात ओढा ओलांडताना तू मला पाठीवर घेतलं होतंस, कारण माझा पाय दगडावर ठरत नव्हता. तेवढीच जवळ होते मी.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, तुमच्या त्या आजीचं नाव हरवलं याचं वाईट वाटतं. ती म्हणाली, ‘नाव आमच्याकडे आहे. आमच्या घरात अजून मुलींना ठेवतात. हरवलंय ते तुमच्या कागदांतून.’

गाडीत शशिकांत खुशीत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. तुझ्या पत्रात सुनावणीची तारीख सहा मे होती ना? अजून दीड महिना आहे.

तुझी,
मंजिरीवहिनी


मेडनहेड,
४ एप्रिल १९९१

यमुना,

वह्या आहेत.

अकराच्या अकरा आहेत. माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे, पुठ्ठ्याच्या खोक्यात. हाउन्सलोला ओल होती हे खरं, पण कुजलं ते आईने दिलेलं लोकरीचं पांघरूण. वह्या शशिकांतने पहिल्या दिवसापासून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी शिडी लावून वर गेले होते. नकाशा पाहिला. उजव्या कोपऱ्यात तू शाळेच्या सवयीने नाव आणि तारीख घातलीयस, ‘यमुना, बेहेडवाडी, ता. २ नोव्हेंबर १९७६’. तो परत खोक्यात घातला, खाली आले, हात धुतले आणि तुला खोटं लिहायला सोळा दिवस घेतले.

का, ते सांगते. माझी बाजू म्हणून नको वाचूस, या खोट्याला बाजू नाही.

सत्त्याहत्तर साली शशिकांतला इथली फेलोशिप मिळाली. तिच्यात दुभाष्याची एक जागा होती. ती पदवी असलेल्या माणसासाठी होती, आणि ज्याचं नाव त्या जागेवर त्यालाच त्याच्यासोबत इथे येता येणार होतं. तू सातवी. मी बी. ए. शशिकांत म्हणाला, नाव घालण्यापुरतंच आहे, पुस्तकात सगळं नीट करू. मग हाउन्सलोच्या त्या तळघरात स्वयंपाकाच्या टेबलावर मी तुझी गाणी, झाडांची नावं, बाळंतपणातली औषधं, सगळं इंग्रजीत कार्डांवर टाइप केलं. प्रत्येक कार्डाच्या खाली कुणी सांगितलं ते लिहायचं असतं. पहिल्या कार्डावर माझं नाव टाइप करताना बोट अडखळलं होतं. मग पुढे सवय झाली. सातशे कार्डं होती.

पुस्तक निघालं तेव्हा पहिल्या पानावर आलं, ‘माझ्या पत्नीस, जिच्यामुळे जंगलाने मला तोंड उघडून सांगितलं.’ नकाशाखालीसुद्धा माझंच नाव. तू आम्हाला एसटीवर सोडायला आलीस तेव्हा एकच मागितलं होतंस. आमचं नाव लिवशील ना, आणि वाडीचं? वाडी सरकारच्या कागदावर नाही, पुस्तकात तरी येऊ दे. शशिकांतने तुझ्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं. वाडीचं नाव पद्धत म्हणून बदललं. तुझं नाव बदललंही नाही, काढलं. बदललेल्या नावामागे निदान माणूस असतो.

याच पुस्तकाच्या जोरावर मला इस्पितळातली नोकरी मिळाली. आणि तुझी मधली तीन पत्रं मला मिळाली होती. अठ्ठ्याहत्तरची दोन आणि एक्क्याऐंशीचं एक. तू पुस्तक पाठवायला सांगत होतीस. काय पाठवणार होते मी? मूग गिळून बसले.

परवा जेवताना शशिकांतकडे विषय काढला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘मंजू, बी रीझनेबल. सप्टेंबरला बुक येतंय, प्रोफेसरशिपसाठी माझं नाव गेलंय. आत्ता ओरिजिनल्स बाहेर आले तर कोणीतरी कंपेअर करणारच. ऑक्टोबरमध्ये पाठवू ना, प्रॉपर कव्हरिंग लेटर लावून. तिकडे अशा केसेस वर्षानुवर्षं चालतात.’

मी म्हटलं, सुनावणी सहा मेला आहे.

‘आणि तिचं नाव आपण प्रोटेक्ट केलंय, हे विसरू नकोस. एथिक्स आहे ते.’

‘मग माझं का नाही प्रोटेक्ट केलंस?’

त्याने पाणी प्यायलं आणि बातम्या लावल्या. शशिकांत वाईट माणूस नाही, यमुना. कुत्र्याचं नाव लिहून बाईचं न लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं, मी पाहिलंय. त्याला तो कारकून दिसतो. फक्त आरशात दिसत नाही. आणि मी तरी कोण लागून गेले? आरसा पुसणारी मीच.

आज तो लंडनजवळच्या क्यू गावातल्या सरकारी दप्तरखान्यात गेल्यावर मी खोकं खाली आणलं आणि दोन फेऱ्या करून पोस्टात नेलं. रजिस्टर केलंय. तीन आठवड्यांत पोचेल असं काउंटरवरची बाई म्हणाली. नकाशा चौथ्या वहीत आहे, मी खूण घातलीय. त्याला रात्री सांगणार आहे. सांगेनच.

मंजिरी


मेडनहेड,
३० मे १९९१

यमुना,

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं आणि मी त्याची चार पारायणं केली. इतकं शांतपणे कसं लिहितेस तू?

म्हणजे वह्या एकोणतीस एप्रिलला पोचल्या. सुनावणीला तू नकाशा पुढे ठेवलास, आणि साहेब आधी खूष झाले. तेवीस नावं मोठ्याने वाचली, त्यातली सतरा माणसं समोर उभी होती. मग जंगलखात्याच्या कारकुनाने तुझ्याच अर्जाच्या फायलीतून एक कागद काढला. माझं फेब्रुवारीचं पत्र. तू ते अर्जासोबत लावलं होतंस. विलायतेतलं माणूस आपल्याला ओळखतं एवढं तरी दिसेल, म्हणून. त्यात वह्या ‘राहिल्या नाहीत’ हे माझ्या हातचं, माझ्या सहीचं. कारकुनाने ते वाचून दाखवलं आणि विचारलं, फेब्रुवारीत कुजलेल्या वह्या एप्रिलात कशा आल्या? नकाशा अर्जदाराच्याच अक्षरात, जुनी तारीख काय कुणीही घालील. आणि छापील पुस्तकात तर वाडी वेगळी आणि नकाशा काढणारी बाई वेगळी.

साहेबांचं काय चुकलं? मीसुद्धा त्यांच्या जागी हेच विचारलं असतं. तुझ्याविरुद्ध दोन कागद आहेत, ते पत्र आणि ते छापील पान, आणि दोन्हींवर माझंच नाव आहे. मी मनापासून तुझा घात करायला बसले असते तरी इतकं जमलं नसतं.

तू लिहितेस, पुढची तारीख आठ जुलै. साहेब म्हणाले की बाईंचं शपथपत्र आणा, किंवा बाईंनाच आणा. आणि त्यांनी असंही विचारलं, ही बाई तेव्हा खोटं बोलली की आता बोलतेय? तू त्यावर काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस.

दुसऱ्याच दिवशी इथल्या एका वकिलाकडे गेले. तरुण आहे, भला आहे. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. त्याने वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं, ‘माझ्या नजरचुकीने असा समज झाला की.’ मी म्हटलं, नजरचूक नव्हती, मी खोटं बोलले, तसंच लिहा. तो म्हणाला, ‘मिसेस दामले, असं कोणी लिहीत नाही. उद्या तुमच्या नोकरीवर येईल.’ मी म्हटलं, येऊ दे. शेवटी त्याने लिहिलं. फेब्रुवारीत खोटं बोलले. पुस्तकातलं माझं काम माझं नाही, यमुनाचं आहे. सोनवाडी कुठेच नाही, ती बेहेडवाडी आहे. मी सही करत असताना त्याने नजर दुसरीकडे वळवली. लाज वाटली गं. खोटं लिहिताना वाटली नव्हती, खरं लिहिताना वाटली.

एक प्रत शशिकांतच्या कॉलेजला पाठवली आणि एक डेल्फीनला, तिने पत्ता दिला होता. शशिकांतला आधी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, निदान एवढं लिही की मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. ‘तू मला संपवलंस, मंजू,’ एवढंच बोलला. तेव्हापासून तो आपला आपण चहा करून घेतो. मला त्याची कीव येते, आणि माझीही येते, आणि मग तेवीस घरं आठवून दोन्हींचा राग येतो.

मी येतेय. पाच जुलैचं तिकीट काढलंय. साहेबांसमोर उभी राहून सगळं तोंडाने सांगेन, मराठीत, वाडीच्या माणसांसमोर. मुंबईहून थेट तुझ्याकडेच येते. पूर्वीसारखी ओटीवर झोपेन, माझी काही सोय करू नकोस. आपण दोघी मिळून काय बोलायचं ते ठरवू. तुझ्या आईच्या हातची नाचणीची भाकरी अजून तोंडात आहे.

तुझी,
मंजिरी


मेडनहेड,
२४ जून १९९१

यमुना,

तुझं कार्ड मिळालं. ‘तारखेला या. घरी येऊ नका. आई गेली त्याला सहा वर्षे झाली. यमुना.’

एवढंच आहे त्यात, आणि एवढं पुरे आहे. मागचं पत्र टाकताना मी ओटीवर अंथरूण घालूनच बसले होते. माफी मागायच्या आधीच भाकरी मागितली. कार्ड वाचून माझं तोंड असं झालं, की इस्पितळातल्या एका पेशंट बाईनेच मला विचारलं, ताई, बरं नाही का. तिचं दुखणं डॉक्टरला सांगायचं सोडून मी तिच्यापुढे पाच मिनिटं रडले.

तू मला भेटायला बोलावलेलं नाहीस, साक्षीला बोलावलंयस. हे मला नीट कळलंय. आणि दोघींनी काय बोलायचं ते ठरवायचं नाही हेही कळलंय. मी पुन्हा एकदा तुझ्या तोंडचं ऐकून आपलं म्हणून सांगायला निघाले होते. या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते माझं एकटीचं आहे, त्याला दुभाष्या लागत नाही.

कॉलेजकडून कळल्यावर इस्पितळाने मला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं कळवलंय. शशिकांतचं पुस्तक थांबलंय. डेल्फीनचं उत्तर आलं, दोन ओळींचं. तिने एकच विचारलंय, यमुनाची जमीन राहिली का. मी लिहिलं, आठ जुलैनंतर कळवते.

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक लॉज आहे, तिथे खोली घेईन. सात तारखेला पोचेन. तुला निरोप पाठवणार नाही. शपथपत्राची मूळ प्रत, फेलोशिपची कागदपत्रं आणि सातशे कार्डांपैकी उरलेली सगळी बरोबर आणतेय. कार्डं तुझी आहेत. कचेरीत काम झाल्यावर ती कुणाच्याही हाती देऊन जाईन.

सुनावणी अकराची आहे. साडेदहापासून मी व्हरांड्यात उभी असेन. तू वाडीच्या माणसांबरोबर आत जा, माझ्यासाठी थांबू नकोस, ओळखही दाखवू नकोस. साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील, की ही बाई तुमची कोण. मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही. जे खरं असेल ते सांग.

मंजिरी दामले